धुरातले कण मोजताना: आधी शून्य, मगच आकडा

गाडीच्या धुरातल्या कणांच्या चाचणीचा निकाल विचित्र आला की सगळे आधी गाडीकडे बघतात, मग काउंटरकडे (कण मोजणाऱ्या यंत्राकडे). माझा अनुभव असा की घोळ बहुतेक वेळा गाडी रोलरवर चढायच्या आधीच झालेला असतो. धूर ओढणारा टनेल झटकलेला, म्हणजे जुनी काजळी काढलेला, नसतो, फिल्टर घाईत तोललेला असतो किंवा शून्य तपासलेलं नसतं.

कण वायूसारखे वागत नाहीत, हे डोक्यात पक्कं असलं की पुढचा सगळा क्रम आपोआप पटतो. कण पाइपाच्या भिंतीला चिकटतात आणि दोन चाचण्यांनंतर अचानक सुटतात. तापले की काही विरून जातात, आणि धूर गार झाला की पाइपातच नवे जन्मतात. त्यामुळे खालच्या पायऱ्या मागेपुढे केल्या तर आकडा मिळतो, पण तो कोणाचा हे सांगता येत नाही.

इथे चासिस डायनो (गाडी जागच्या जागी रोलरवर चालवायचं यंत्र), पूर्ण धूर ओढून घेऊन हवेने पातळ करणारा डायल्यूशन टनेल (सीव्हीएस) आणि डब्ल्यूएलटीसी सायकल (गाडी चालवायचा ठरलेला वेगक्रम) धरली आहे. दुसरी सायकल असेल तर वेळा बदलतील, क्रम हाच राहील.

## १. वजन मोजायचंय की संख्या, ते कागदावर लिहा

वजनाच्या मोजणीत धूर फिल्टरमधून ओढतात आणि फिल्टर आधी-नंतर तोलतात. उत्तर येतं मिलिग्रॅम प्रति किलोमीटर. संख्येच्या मोजणीत धूर तापवून त्यातला बाष्प होणारा भाग उडवतात आणि उरलेले घन कण एकेक करून मोजतात.

दोन्ही आकडे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. २०० नॅनोमीटरच्या एका कणाचं वजन २० नॅनोमीटरच्या हजार कणांइतकं भरतं (घनता सारखी धरून). म्हणून वजनात आरामात पास झालेली गाडी संख्येत नापास होऊ शकते. युरो ६ ची मर्यादा वजनाला किलोमीटरमागे ४.५ मिलिग्रॅम आहे आणि संख्येला किलोमीटरमागे ६० हजार कोटी कण, म्हणजे ६ वर ११ शून्यं.

काउंटर किती बारीक कणापासून मोजतो तेही इथेच लिहा. जुन्या पद्धतीचा काउंटर २३ नॅनोमीटरला साधारण निम्मे कण मोजतो आणि ४१ नॅनोमीटरला ९० टक्क्यांहून जास्त. युरो ७ साठी ही सीमा १० नॅनोमीटरवर आली आहे.

नेहमीची चूक: २३ वाल्या काउंटरचा जुना आकडा आणि १० वाल्याचा नवा आकडा एकाच तक्त्यात ठेवणं. मग गाडी "बिघडली" असा निष्कर्ष निघतो आणि लोक इंजेक्टर उघडून बसतात.

## २. गाडीची तयारी: आदला दिवस

इंधन टाकीत आहे तेच वापरू नका. टाकी रिकामी करून चाचणीचं प्रमाणित इंधन भरा. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंधनातला जड, अ‍ॅरोमॅटिक भाग थोडा वाढला तरी कणांची संख्या लक्षात येण्याइतकी वाढते.

डिझेल गाडीत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) अवस्था सगळ्यात महत्त्वाची. आतल्या भिंतीवर साचलेला काजळीचा थर स्वतःच चाळणीचं काम करतो. रिजनरेशनमध्ये तो जळून गेला की तीच गाडी पुढचा काही काळ कितीतरी पट जास्त कण सोडते. स्कॅनर लावून काजळीचा भार आणि शेवटच्या रिजनरेशननंतरचं अंतर वाचा. नुकतंच रिजनरेशन झालं असेल तर थर पुन्हा बसेपर्यंत गाडी चालवा. भार वरच्या टोकाला असेल तर रिजनरेशन आधीच उरकून घ्या, नाहीतर ते नेमकं सायकलच्या शेवटच्या, वेगवान टप्प्यात सुरू होईल.

एक्झॉस्टची गळती आजच शोधा. टेलपाइप ते टनेल हा जोड सिलिकॉन रबराचा असेल आणि गरम धूर थेट त्यावर आदळत असेल, तर रबरच बाष्प सोडतं आणि ते फिल्टरवर जाऊन बसतं. स्टीलचा जोड वापरा.

मग डायनोवर प्रीकंडिशनिंगची एक पूर्ण सायकल चालवा आणि गाडी सोकला लावा, म्हणजे इंजिन बंद ठेवून उभी करा: २३ अंश सेल्सिअसच्या आसपास, किमान ६ तास, जास्तीत जास्त ३६.

सावधान: सोकनंतर गाडी रोलरवर ढकलत न्यायची. "फक्त दहा सेकंद चालू केली होती" या वाक्याने कोल्ड स्टार्ट (गार इंजिन सुरू होण्याचा टप्पा) गेला. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीच्या एकूण कणांचा मोठा वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो. तो पार्किंगमध्ये सोडून आलात तर टनेलला काय मोजायला लावणार? मी तर सोकच्या दारावर किल्ली काढून ठेवायची सवय लावून घेतली आहे.

## ३. फिल्टर आणि तराजू

गाडी सोकमध्ये आहे तोवर ही पायरी समांतर चालते. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया.

आधी थोडा हिशोब, म्हणजे एवढी काळजी कशासाठी ते कळेल. डब्ल्यूएलटीसी १८०० सेकंदांची, २३.२७ किलोमीटरची. समजा टनेलमधून मिनिटाला ९ घनमीटर हवा जाते, म्हणजे चाचणीत २७० घनमीटर. फिल्टरमधून मिनिटाला ३० लिटर, म्हणजे ०.९ घनमीटर. फिल्टरवर एकूण कणांचा तीनशेवा हिस्सा येतो. गाडी बरोबर ४.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर असेल तर फिल्टरवर जवळपास ३५० मायक्रोग्रॅम जमतील. पण चांगला डीपीएफ असलेली, ०.३ मिलिग्रॅमची गाडी फक्त २३ मायक्रोग्रॅम देईल. बोटाचा एक ठसा हा आकडा सहज बुडवतो.

क्रम असा:

१. ४७ मिलिमीटरचा, फ्लोरोकार्बनचा थर दिलेला फिल्टर उजेडासमोर धरून बघा. बारीक भोक, दुमडलेली कड, सुटलेला तंतू दिसला तर फेकून द्या.

२. झाकण अर्धवट ठेवलेल्या डबीत तो तराजूच्या खोलीत किमान २ तास ठेवा. खोलीचं तापमान २२ अंश, दोन अंश इकडे-तिकडे. सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के, आठ टक्के इकडे-तिकडे.

३. स्थिर विद्युत घालवा. भारलेला फिल्टर तराजूच्या भिंतींकडे ओढला जातो आणि आकडा एकाच दिशेने हळूहळू सरकत राहतो. असा सरकता आकडा "थांबेल आता" म्हणून लिहून टाकू नका. फिल्टर पुन्हा आयोनायझरवरून न्या आणि पुन्हा ठेवा.

४. संदर्भ फिल्टर तोला. तो कधीच टनेलमध्ये जात नाही, तराजूच्या खोलीतच राहतो. आधीच्या वजनापेक्षा ५ मायक्रोग्रॅमहून जास्त हलला असेल तर खोली किंवा तराजू बिघडलेला आहे. थांबा.

५. चाचणीचा फिल्टर तोला. तराजू १ मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. चिमटा बिनदाती, गुळगुळीत टोकाचा.

६. होल्डरमध्ये बसवून दोन्ही तोंडं बंद करा. सीलबंद होल्डर ८ तासांच्या आत वापरायचा. उघडा ठेवलेला फिल्टर तासाभरात वापरला नाही तर पुन्हा तोलायचा.

तपासणी, उत्प्लावन: हवा फिल्टरला किंचित वर उचलते. ९० मिलिग्रॅमच्या फिल्टरला ही दुरुस्ती साधारण ३३ मायक्रोग्रॅम येते. दोन्ही वजनांना ती लावली तर दोन दिवसांतल्या हवेच्या दाबाच्या फरकामुळे मायक्रोग्रॅमच्या अंशाइतकाच फरक उरतो. पण आधीच्या वजनाला लावली आणि नंतरच्याला विसरली, तर चूक स्वच्छ गाडीच्या अख्ख्या नमुन्यापेक्षा मोठी होते. सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपोआप लावतं की हाताने लावायची, हे एकदाच नीट विचारून तराजूवर चिकटवून ठेवा.

## ४. पाइप आणि टनेल

टेलपाइपपासून टनेलपर्यंतचा पाइप जितका आखूड तितकं बरं. ३.६ मीटरपर्यंत उघडा चालतो, उष्णतारोधक आवरण असेल तर ६.१ मीटरपर्यंत. गार भिंतीकडे कण ओढले जातात, म्हणून आवरण फाटलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

नमुना घेणारी प्रोब धूर टनेलमध्ये शिरतो तिथून टनेलच्या व्यासाच्या १० ते २० पट अंतरावर, प्रवाहाकडे तोंड करून. त्याआधी धूर आणि हवा नीट मिसळलेली नसते. प्रोबपासून काउंटरपर्यंतची नळी स्टीलची किंवा विद्युतवाहक असावी. साध्या प्लास्टिकच्या नळीच्या भिंती कण गिळतात.

टनेलचा प्रवाह किती ठेवायचा? कमी ठेवला तर भिंतीवर पाणी धरतं, जास्त ठेवला तर नमुना इतका पातळ होतो की बॅकग्राउंडच (टनेलमध्ये आधीपासून असलेले कण) जास्त मोजलं जातं. पाणी न धरणारा सगळ्यात कमी प्रवाह निवडा. फिल्टरजवळचं तापमान ५२ अंशांच्या वर जाता कामा नये.

आदल्या दिवशी या टनेलवर काळा धूर सोडणारी गाडी चालली असेल तर टनेल झटकावा लागतो: कमी कण सोडणारी गाडी ताशी १२० किलोमीटरवर सलग २० मिनिटं. हे वेळापत्रकात दिसत नाही म्हणून गाळलं जातं, आणि मग सकाळची पहिली गाडी कालच्या गाडीची काजळी स्वतःच्या नावावर घेऊन जाते.

## ५. काउंटर उठवणे आणि शून्य पाहणे

आधी ब्युटॅनॉल. काउंटरमध्ये कणांवर ब्युटॅनॉलची वाफ बसते, त्यांचे थेंब होतात आणि थेंब लेझरसमोरून जाताना मोजले जातात. दमट हवेत ब्युटॅनॉल पाणी शोषतं, म्हणून कालचं उरलेलं काढून ताजं भरा. भरलेला काउंटर तिरका करू नका. द्रव आतल्या काचांवर गेला तर दिवस गेलाच समजा.

यंत्र पूर्ण तापू द्या. हिरवा दिवा लागला म्हणजे झालं, असं नाही. बाष्प उडवणाऱ्या भागाची तापमानं स्वतः वाचा: पहिलं गरम डायल्यूशन १५० अंशांच्या वर, मधली तापनळी ३०० ते ४०० अंशांत. नळी कमी तापली तर तेल-इंधनाचे थेंब उडून जात नाहीत आणि काउंटर त्यांनाही घन कण समजून मोजतो.

मग या क्रमाने:

१. काउंटरचा प्रवाह स्वतंत्र मीटरने तपासा. नेमून दिलेल्या प्रवाहाच्या ५ टक्क्यांत हवा. आतलं बारीक छिद्र थोडं बुजलं तरी मोजणी त्याच प्रमाणात कमी येते आणि कुठलाही इशारा वाजत नाही.

२. काउंटरच्या तोंडावर हेपा फिल्टर (हवेतले जवळपास सगळे कण अडवणारा) लावा. घनसेंटिमीटरला ०.२ किंवा कमी दिसलं पाहिजे.

३. हेपा काढा. खोलीच्या हवेवर आकडा १०० च्या वर चढला पाहिजे. पुन्हा लावा, पुन्हा ०.२ च्या खाली आला पाहिजे.

४. आता हेपा पूर्ण यंत्रणेच्या तोंडावर लावा, बाष्प उडवणाऱ्या भागाच्याही आधी. इथे ०.५ किंवा कमी.

नेहमीची चूक: तिसरी पायरी गाळणं. बंद पडलेला काउंटरही सुंदर शून्य दाखवतो. शून्य खरं आहे की यंत्र आंधळं आहे, हे हेपा काढल्यावरच कळतं.

डायल्यूशन किती ठेवायचं ते कोल्ड स्टार्टच्या शिखराकडे बघून ठरवा, सरासरीकडे बघून नाही. कण एकेक करून मोजण्याच्या पद्धतीला वरची मर्यादा असते. शिखर त्या मर्यादेवर जाऊन सपाट झालं तर वरचे कण हिशोबातून गायब होतात.

## ६. रिकामा टनेल काय म्हणतो

गाडी जोडण्याआधी टनेल नुसत्या गाळलेल्या हवेवर चालवा आणि संपूर्ण यंत्रणेने दहा-पंधरा मिनिटं मोजा.

घनसेंटिमीटरला ५०० कण ही छोटी गोष्ट वाटते. वरच्या उदाहरणातला टनेल चाचणीभरात २७ कोटी घनसेंटिमीटर हवा नेतो. म्हणजे नुसत्या बॅकग्राउंडचे किलोमीटरमागे सुमारे ५८० कोटी कण झाले. मर्यादेवरच्या गाडीला हा एक टक्का. पण गाडी स्वतः १,००० कोटी देत असेल तर एक तृतीयांशाहून जास्त निकाल टनेलचाच.

एकदा आमच्याकडे आठवडाभर बॅकग्राउंड तिप्पट येत होतं. काउंटरचं शून्य उत्तम, गळतीची तपासणी उत्तम. आम्ही नळ्या बदलल्या, प्रोब धुतली, दोन दिवस टनेल झटकला. शेवटी एका सहकाऱ्याने हवेच्या मुख्य हेपाची चौकट हाताने दाबली आणि पडद्यावरचा आकडा खाली आला. गेल्या बदलाच्या वेळी गॅस्केटचा एक कोपरा दुमडला होता, चार बोटं रुंद. हवा फिल्टरमधून जायच्या ऐवजी त्याच्या कडेने आत येत होती. तेव्हापासून फिल्टर बदलला की त्याच दिवशी बॅकग्राउंड मोजून नोंदवहीत लिहायचं, असा नियम केला.

तपासणी: आजचा आकडा गेल्या दहा दिवसांच्या आकड्यांशेजारी ठेवा. दुप्पट झाला असेल तर गाडी सोकमध्येच राहू दे.

## ७. चाचणी

इथे सांगण्यासारखं थोडंच. टनेलचा पंखा, काउंटर, फिल्टरचा पंप सगळं चालू आणि स्थिर, नोंदणी सुरू, मग इंजिन. नोंदणी इंजिननंतर पाच सेकंदांनी सुरू झाली तर पहिला धूर गेला.

चालकाने ट्रेसच्या (सायकलने ठरवलेल्या वेगाच्या रेषेच्या) मर्यादेत राहायचं: ताशी २ किलोमीटर वर-खाली, एका सेकंदाच्या सवलतीसह. पण मर्यादेत राहूनही पाय किती अस्वस्थ आहे याने फरक पडतो. अ‍ॅक्सिलरेटर सारखा दाबत-सोडत चालवणाऱ्याच्या हातून त्याच गाडीचे कण जास्त येतात. तुलनेच्या चाचण्यांना एकच चालक ठेवा.

सायकल चालू असताना डीपीएफच्या आधीचं तापमान बघत राहा. ते अकारण ६०० अंशांकडे चढू लागलं तर रिजनरेशन सुरू झालं आहे. ही चाचणी साध्या चाचणीत धरायची नाही; तिचा हिशोब वेगळा असतो.

## ८. संपल्या संपल्या

इंजिन बंद झालं की लगेच प्लग काढू नका. नळीतला शेवटचा नमुना काउंटरपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. मग क्रमाने: फिल्टरचा प्रवाह बंद, होल्डर सील, तासाभरात तराजूच्या खोलीत. काउंटरवर पुन्हा हेपा लावून शून्य बघा. आधीचं शून्य चांगलं आणि नंतरचं वाईट असेल तर मधल्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

फिल्टर पुन्हा खोलीच्या हवेत मुरू द्या, आधी संदर्भ फिल्टर तोला, मग हा. डाग मधोमध गोल आणि एकसारखा हवा. एका बाजूला फिकट चंद्रकोर दिसली तर होल्डरचं सील गळत होतं.

## ९. हिशोबातले खड्डे

संख्येचा हिशोब सरळ आहे: टनेलमधून गेलेलं एकूण आकारमान, गुणिले टनेलमध्ये घनसेंटिमीटरला सरासरी किती कण तो आकडा, भागिले अंतर. ६० हजार कोटींची मर्यादा गाठायला आपल्या उदाहरणात टनेलमध्ये घनसेंटिमीटरला सुमारे ५१,७०० कण लागतात. यंत्रणेचा घट-गुणक (काउंटरपर्यंत पोचताना कण किती पट कमी होतात तो आकडा) १०० असेल तर काउंटर स्वतः ५१७ बघतो. हा तोंडी हिशोब जवळ ठेवा. शंभर पटीची चूक नजरेनेच पकडता येते. सगळ्यात जास्त दिसणारे घोळ तीन:

घट-गुणक दोनदा लावणं. पुष्कळ यंत्रं पडद्यावर गुणून झालेला आकडाच देतात.

आकारमान वेगळ्या तापमानाला घेणं. एक बाजू ० अंशांना आणि दुसरी २० अंशांना धरली तर ७ टक्के फरक तिथेच पडतो.

बॅकग्राउंड मनाला येईल तसं वजा करणं. वजाबाकी कधी आणि किती करता येते, हे ज्या नियमाखाली चाचणी आहे त्यात बघा, आणि अहवालात वजा केलेला व न केलेला असे दोन्ही आकडे लिहा.

## १०. आकडा पटत नसेल तर कुठून बघायचं

फिल्टरचं वजन घटलं: हे "शून्य उत्सर्जन" नव्हे. फिल्टर होल्डरला चिकटून कडेचे तंतू सुटले असतील. होल्डरच्या कडा भिंगातून बघा.

वजन जास्त, संख्या नेहमीची: फिल्टरवर वायुरूप हायड्रोकार्बन बसलं असावं, किंवा रबरी जोडाचं बाष्प. फिल्टर पांढरा दिसतोय आणि वजन वाढलंय, तर बहुधा हेच.

संख्या जास्त, वजन नेहमीचं: डीपीएफ नुकताच जळून स्वच्छ झाला आहे का ते स्कॅनरवर बघा. तसं नसेल तर तापनळीचं तापमान.

तीन चाचण्या, दर वेळी आकडा आधीपेक्षा कमी: टनेल अजून झटकला जातोय. चौथी आणि पाचवी चालवा, आणि दोन लागोपाठच्या चाचण्या जुळेपर्यंत पहिल्या तिन्ही अहवालात घेऊ नका.

सगळ्या गाड्यांचे आकडे एकाच प्रमाणात कमी: काउंटरचा प्रवाह पुन्हा मोजा. छिद्र बुजलं आहे.